व्हीलरची पाच पावलं

खांबापासून अकरा सेंटिमीटरवर, गवताच्या मुळांत, एक लोखंडी नळी जमिनीत उभी गाडलेली आहे. तिचं तोंड जमिनीच्या बरोबरीने आहे, त्यामुळे गवत कापायचं यंत्र वरून जातं तरी तिला लागत नाही. आतला व्यास एकतीस मिलिमीटर. पाऊस पडून गेला की तिच्यात पाणी साठतं आणि दोन-तीन दिवस तसंच राहतं, म्हणजे तळ बंद असणार. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या खांबाजवळ, अशीच एक नळी आहे. या दोन खांबांमधल्या अंतराला आमच्याकडे ‘शंभर मीटरची लेन’ म्हणतात.

आमच्याकडे म्हणजे मिशिगनच्या उत्तरेला पाइनच्या जंगलात असलेल्या एका लष्करी कॅम्पवर. मी तिथे महिन्यातून एक वीकएंड आणि उन्हाळ्यात दोन आठवडे असते. उरलेले दिवस ॲन आर्बरला, विद्यापीठाच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये. इतरांचे तराजू, पिपेट आणि थर्मामीटर किती चुकतात ते शोधून त्यावर चिठ्ठी लावायची, हे माझं पोटापाण्याचं काम. कॅम्पवर मी सार्जंट आहे. माझं आडनाव परांजपे तिथे कुणालाच नीट म्हणता येत नाही, म्हणून सगळे ‘सार्जंट पी’ म्हणतात. राखीव दलात गेले त्याला पंधरा वर्षं झाली. का गेलीस, हे नवरा अजून विचारतो. मी दरवेळी वेगळं उत्तर देते आणि ती सगळी थोडीथोडी खरी असतात.

लेनचं काम सोपं आहे. जंगलात नकाशा आणि होकायंत्र घेऊन चालताना दिशा यंत्र सांगतं, अंतर मात्र पावलांनी मोजावं लागतं. म्हणून कोर्सच्या पहिल्या दिवशी प्रत्येक सैनिक या लेनवर चालतो आणि डावं पाऊल किती वेळा पडलं ते मोजतो. कुणाचा आकडा अठ्ठावन्न येतो, कुणाचा सत्तर. तो आकडा म्हणजे तुमचे शंभर मीटर. मग जंगलात चार खुणेचे खांब शोधायचे असतात. चारपैकी तीन सापडले तर पास. नापास झालात तर एकदाच फेरपरीक्षा, आणि त्यातही नापास झालात तर घरी.

यंदाच्या ऑगस्टमध्ये शनिवारी सकाळी माझ्या तुकडीतली उर्वी देशकर नापास झाली. तिला चारपैकी एकच खांब सापडला होता.

उर्वी एकोणतीस वर्षांची. नवव्या वर्षी नागपूरहून आईवडिलांबरोबर अमेरिकेत ईडन प्रेरीला आलेली, तिथे एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. धावण्यात ती पहिल्या पाचांत होती, नेमबाजीत आणि लेखी परीक्षेत पहिली. हा कोर्स पास झाली की सार्जंट होणार, आणि आमच्या डिव्हिजनमध्ये शिक्षकाची एक जागा तिच्यासाठी सप्टेंबरपर्यंत राखून ठेवलेली होती. सप्टेंबरनंतर ती जागा उरणार नव्हती, कारण वरून सगळ्याच रचनेची फेरमांडणी चालू होती. रविवारी सकाळी सहाला फेरपरीक्षा. तिच्याकडे उरली होती ती एवढी एकच सकाळ.

तिच्या चुका मी कागदावर मांडल्या. चारशे मीटरच्या टप्प्यात ती चौतीस मीटर अलीकडे थांबली होती. तो खांब उघड्यावर होता, दिसला, म्हणून सापडला. सहाशेच्या टप्प्यात पन्नासेक मीटर अलीकडे, आठशेच्या दोन टप्प्यांत सत्तरच्या आसपास. दिशा चारही वेळा अचूक. घाबरलेल्या किंवा निष्काळजी माणसाच्या चुका विखुरलेल्या असतात: एक पुढे, एक मागे, एक भलतीकडेच. हिच्या चारही चुका एकाच बाजूला होत्या आणि अंतराच्या प्रमाणात होत्या. शंभराला साडेआठ. लॅबमध्ये असा कागद समोर आला तर मी वापरणाऱ्याकडे बघत नाही, उपकरणाकडे बघते.

पण इथे मला उपकरणाकडे बघायची गरज नव्हती. मी नऊ वर्षांपूर्वीच बघितलेलं होतं.

आमच्या डिव्हिजनचा इतिहास सांगायचा मान मास्टर सार्जंट व्हीलरचा. प्रत्येक कोर्सच्या सुरुवातीला तो सगळ्यांना बराकीच्या व्हरांड्यात, झेंड्याच्या काचेच्या कपाटासमोर उभं करतो आणि वीस मिनिटं बोलतो. व्हीलर साठीला आलेला, एरवी एका गावच्या शाळेत सुतारकाम शिकवणारा माणूस. त्याचे वडील याच डिव्हिजनमध्ये होते आणि आजोबाही. तो सांगतो की पहिल्या महायुद्धात ही पायदळाची डिव्हिजन होती आणि फ्रान्सला जाऊन लढली. दुसऱ्यातही लढली. झेंड्याला त्या लढायांच्या फिती आहेत. मग पन्नासच्या दशकाच्या शेवटी तिची बंदूक काढून घेतली आणि हातात खडू दिला. तेव्हापासून ही शिकवणारी डिव्हिजन. पुढे युद्ध लागलं की नेहमीचे शिक्षक आघाडीवर जातात आणि नव्या भरतीला शिकवायला कुणी उरत नाही. तेव्हा टपाल वाटणारे, बस चालवणारे, शाळेत शिकवणारे असे आमच्यासारखे अर्धवेळ लोक गणवेश चढवून त्यांच्या जागी उभे राहतात. व्हीलरच्या वडिलांनी व्हिएतनामला जाणाऱ्या पोरांना शिकवलं. व्हीलर स्वतः इराकला गेला तोही तिथल्या सैनिकांना शिकवायलाच.

“शेवटची फीत पंचेचाळीस सालची,” तो काचेवर बोट ठेवून म्हणतो. “त्यानंतर एकही नाही. शिकवण्याची फीत नसते. तुम्ही ज्याला शिकवलं तो घरी परत आला की झालं, आणि ते तुम्हाला कुणी कळवत नाही.”

हे मी दहा वेळा ऐकलंय. अजूनही ऐकताना मी घड्याळाकडे बघत नाही.

दोन हजार बारा साली मी स्वतः या जंगलात नापास झाले होते. फेरपरीक्षेच्या आदल्या संध्याकाळी व्हीलर माझ्याजवळ आला, बुटाची नाडी बांधायला वाकला आणि खालूनच म्हणाला, “प्रत्येक शंभरामागे पाच जास्त टाक. झाडीत पाऊल आखडतं.” मी टाकली आणि चारही खांब सापडले. पुढे कळलं की हे ‘व्हीलरची पाच’ म्हणून सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे. व्हीलरला ते वडिलांनी सांगितलं होतं. पुस्तकात कुठेच नाही. ज्याचा चेहरा आवडला त्याच्या कानात शिक्षक ते सांगतात, आणि ज्याला सांगितलं तो पुढे शिक्षक झाला की त्याच्या आवडीच्या माणसाला सांगतो.

झाडीत पाऊल आखडतं हे खरंच आहे. म्हणून मला कधी शंका आली नाही. पण दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात, मी नुकतीच शिक्षक झाले होते तेव्हा, पावसानंतर त्या नळीत पाणी दिसलं आणि ही कशाची, असं मनात आलं. आमचं मैदान म्हणजे कधीकाळी कॅम्पवरच्या सैनिकांचं फुटबॉलचं मैदान. गोल-रेषेच्या कोपऱ्यात झेंडी खोचायला नळी गाडलेली. पुढच्या खेपेला लॅबमधला लेझर आणून मी दोन्ही खांबांमधलं अंतर मोजलं. सहा वेळा. एक्याण्णव मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर, दोन-एक सेंटिमीटर इकडेतिकडे.

हा आकडा माझ्या धंद्यातल्या कुणालाही झोपेत ओळखता येतो. अमेरिकन फुटबॉलचं मैदान गोल-रेषेपासून गोल-रेषेपर्यंत शंभर यार्ड असतं. लष्कराने यार्ड सोडून मीटर घेतले तेव्हा कुणीतरी खांबावरच्या पाटीला नवा रंग दिला. खांब हलवले नाहीत. पुढच्या माणसाला जंगलात सगळं कमी पडायला लागलं, तर त्याने पाच पावलं वाढवली. झाडी हे कारण नंतर चिकटलं असावं. जीपीएस जवळ असलेल्या माणसाला पावलं मोजावी लागत नाहीत आणि पावलं मोजणाऱ्याला जीपीएस देत नाहीत, त्यामुळे दोन्ही गोष्टी कधी शेजारी आल्याच नाहीत.

मी वहीत नोंद केली. आणि कॅम्पवर कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या वर्षी मी नवी होते. दुसऱ्या वर्षी व्हीलरची बायको हॉस्पिटलमध्ये होती आणि तो आधीच खचला होता. मग एक वर्ष साथीमुळे कोर्सच झाला नाही. त्यानंतर, इतकी वर्षं का बोलली नाहीस, हा प्रश्नच सगळ्यात मोठा होऊन बसला. मी केलं ते एवढंच की कुणाच्याही कानात पाच सांगणं बंद केलं. ते मला प्रामाणिकपणाचं वाटलं होतं. माझ्या तुकडीला कुणाचीही चिठ्ठी नको, वशिला नको. परिणाम असा की कॅम्पवर माझ्याच तुकडीत सगळ्यात जास्त लोक नापास होतात. आठ कोर्समध्ये चौदा. त्यांची नावं त्याच वहीत आहेत.

दुपारी जेवणानंतर उर्वी बराकीच्या पायरीवर होकायंत्र पुसत बसली होती. मी शेजारून चालले तशी उभी राहिली.

“सार्जंट, एक विचारू? मराठीत चालेल?”

“विचार. मराठीतही सार्जंटच.”

ती हसली. “आई म्हणाली होती, तिथे परांजपे बाई आहेतच, काही लागलं तर मावशी म्हण आणि सांग.”

“मावशी म्हणालीस तर वीस पुशअप्स. बोल.”

“मी लंचमध्ये पुन्हा लेनवर चालले. तीन वेळा. अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न. आय ॲम सो कन्सिस्टंट, इट्स सॅड.” तिने होकायंत्राचं झाकण बंद केलं. “मग प्रॉब्लेम लेनमध्ये नाही, माझ्यात आहे. राइट?”

मी मैदानाकडे बघितलं.

“त्या दुसऱ्या सार्जंटच्या, कोवाल्स्कींच्या तुकडीला काहीतरी सांगितलंय. प्लस फाइव्ह. एक जण मला म्हणाला, पण सीक्रेट हँडशेकसारखं, डोळे मिचकावून. मी म्हटलं का फाइव्ह? तो म्हणाला झाडीत सगळे टरकतात. पण मी टरकत नाही, निदान मला वाटत नाही. शंभर म्हणजे शंभर ना? मग पाच कशाला टाकू?”

“तुला काय वाटतं?”

“मी टेस्टर आहे, सार्जंट. सेम एरर चार वेळा आला तर तो रँडम नाही. मग मी विचार केला.” तिचा आवाज खाली आला. “तिथे ते फर्न छातीपर्यंत आहेत. काही दिसत नाही. मला वाटतं, मी आतून घाबरते आणि मलाच कळत नाही. सो आय स्टॉप अर्ली. दरवेळी. म्हणजे माझ्यात तो बग आहे. असं असेल तर मी कुणाला काय शिकवणार?”

वहीतल्या चौदांपैकी पाचवं नाव टोलीडोच्या एका इलेक्ट्रिशियनचं आहे. नापास झाल्यावर लेखी कारण द्यावं लागतं. त्याने लिहिलं होतं: ‘दाट झाडीत माझा धीर सुटतो.’ चांगला धिप्पाड, शांत माणूस. त्याने राखीव दल सोडलं. तो कागद मी स्वतः फाइलला लावला होता.

“उद्या पाच टाकू का?” उर्वीने विचारलं. “तुम्ही म्हणालात तर टाकते.”

मी ‘टाक’ म्हणाले असते तर तिचं काम झालं असतं. दोन अक्षरांची गोष्ट. ती सार्जंट झाली असती, शिक्षक झाली असती, आणि पुढच्या उन्हाळ्यात बुटाची नाडी बांधायला वाकून कुणाला तरी सांगितलं असतं की झाडीत पाऊल आखडतं. आणि स्वतःबद्दल तिने आत्ता जे ठरवलं होतं ते तसंच राहिलं असतं.

“चारला आमची मीटिंग आहे,” मी म्हणाले. “त्यानंतर सांगते.”

“येस, सार्जंट.” मग हळूच, “मावशी.”

“वीस.”

तिने तिथेच पायरीखाली हात टेकले.

कॅम्पवर फोनला रेंज फक्त पार्किंगमध्ये येते. तिथून मी अवधूतला फोन केला. अवधूत म्हणजे माझा नवरा. तो दरवर्षी या शनिवारी फोनची वाट बघतो, कारण या दिवशी आम्हा शिक्षकांची आढावा बैठक असते आणि लेनबद्दल बोलायचं ठरवून मी दरवेळी दुसरंच काहीतरी सुचवून येते.

“काय, आढाव्याची वेळ झाली का?” तो म्हणाला. “यंदा काय सुधारणार? पेन्सिली की पाण्याचे कॅन?”

“अवधूत.”

“नऊ वर्षं झाली, यार. आता त्या नळीलाही कंटाळा आला असेल.”

“उद्या दुपारी व्हीलरचा निरोप समारंभ आहे. साठ पूर्ण. सगळ्यांनी मिळून त्याला अक्रोडाच्या लाकडाची पाटी केलीय. तिच्यावर मोठ्या अक्षरात कोरलंय, अधिक पाच.”

मागे कुकरची शिट्टी झाली.

“लाकूड चांगलं आहे का?” त्याने विचारलं.

“चांगलं आहे.”

“मग टिकेल. तू तुझं बघ. नापास कोण झालंय?”

“उर्वी. देशकरांची.”

“ती दिवाळीला ॲन आर्बरला आली होती ती? चकल्या मोजून खाणारी?”

“तीच.”

“तिला सांगून टाक ना कानात.”

“तेच तर करत आलेत सगळे,” मी म्हणाले.

चार वाजता आम्ही सहाजण तंबूत बसलो. आढाव्याची आमची एक पद्धत आहे. प्रत्येकाने टिकवायची एक गोष्ट सांगायची आणि सुधारायची एक. हुद्द्याने सगळ्यात लहान असेल त्याने आधी, म्हणजे मोठ्यांचं ऐकून कुणी आपलं मत बदलत नाही. कॅप्टन ब्रँट, वय एकतीस, शेवटी बोलते आणि लिहून घेते. व्हीलर तिच्या शेजारी कॉफीचा मग गुडघ्यावर धरून बसतो आणि एकेकाला नावाने बोलावतो.

कोवाल्स्की माझ्या आधी. तो टपाल खात्यात आहे आणि त्याचं सगळं बोलणं पायांवर येतं. टिकवायची गोष्ट, नवे मोजे. सुधारायची, नाश्ता. “आणि माझ्या तुकडीत सगळे पास,” तो म्हणाला, “कुणाच्या कृपेने ते मी बोलत नाही,” आणि त्याने व्हीलरकडे बघून कॉफीचा मग उचलला. सगळे हसले. व्हीलरही हसला. पाटीची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, पण काहीतरी शिजतंय हे ठाऊक असावं.

“सार्जंट पी,” व्हीलर म्हणाला. “टिकवायची?”

“तुमचा इतिहासाचा तास,” मी म्हणाले. “जो येईल त्याने तो तसाच घ्यावा. वीस मिनिटं, काचेसमोर.”

तो मगात बघायला लागला. “बरं. आणि सुधारायची? पेन्सिली मी यंदा स्वतः तासल्यात. चाकूने. टोकं बघून घे.”

पुन्हा हशा झाला. वही माझ्या मांडीवर होती. ती उघडायची गरज नव्हती.

“लेन,” मी म्हणाले.

“गवत वाढलंय?” कॅप्टनने विचारलं.

“लेन शंभर मीटरची नाही. एक्याण्णव मीटर चव्वेचाळीस आहे. ते जुनं फुटबॉलचं मैदान आहे, खांब गोल-रेषांवर आहेत. शंभर यार्ड. पाटी बदलली, खांब बदलले नाहीत.”

कोवाल्स्की हसायला लागला आणि अर्ध्यावर थांबला. तंबूच्या कापडावर बाहेरच्या फांदीची सावली हलत होती.

“कशाने मोजलंस?” व्हीलरने विचारलं.

“लेझरने. मग स्टीलच्या टेपने.”

“किती कमी?”

“आठ मीटर छप्पन्न.”

त्याने कॉफीचा मग खाली ठेवला. सुतार आहे तो. उजव्या हाताची दोन बोटं त्याने मांडीवर चालवली, डावं पाऊल, उजवं पाऊल, आणि ओठ हलवत मोजलं.

“पाच,” तो म्हणाला.

“साधारण. पाच पूर्णांक चार.”

“माझ्या बापाला...” तो म्हणाला आणि त्याने मांडीवरची बोटं मिटून घेतली. मग थोड्या वेळाने, “आणि माझी झाडी?”

“झाडीत पाऊल आखडतं, ते वेगळं. इथे जमीन सपाट आहे, फार नाही आखडत. तुमची पाच बरोबर होती, मास्टर सार्जंट. ती लेनची चूक भरून काढत होती. ज्यांना कुणी ती सांगितली नाहीत ते नापास झाले.”

कॅप्टन ब्रँटचं पेन थांबलेलं होतं. “हे केव्हा मोजलंस?”

“दोन हजार सोळा.”

तिने माझ्याकडे बघितलं. ती दृष्टी कशी असेल याची कल्पना मी नऊ वर्षं करत आले होते. प्रत्यक्षात त्यात राग कमी होता आणि हिशेब जास्त.

“उद्या सहाला फेरपरीक्षा आहे,” ती म्हणाली. “परीक्षक तू आहेस. तुझं म्हणणं काय आहे, सार्जंट? नीट सांग, मी लिहून घेते.”

व्हीलरने खुर्ची थोडी वळवली आणि माझ्याकडे तोंड केलं. त्याने मान हलवली नाही, पण नजर काढूनही घेतली नाही. बाहेर मैदानावर कुणीतरी चालत होतं. प्रत्येक डाव्या पावलाला आकडा मोठ्याने म्हणत. चोपन्न, पंचावन्न. आवाज उर्वीचा होता.

“उद्या या लेनवर मी कुणाची परीक्षा घेणार नाही,” मी म्हणाले. “आज संध्याकाळी खांब उपटायचे, शंभर मीटर मोजून पुन्हा रोवायचे, आणि सगळ्यांनी नव्याने चालायचं. उर्वी देशकरचा आजचा निकाल रद्द करायचा. आणि माझ्याकडे आणखी चौदा नावं आहेत. ती माणसं चुकली नव्हती, लेन चुकली होती, आणि मला ते ठाऊक होतं, हे मी माझ्या सहीने लिहून देते आहे.”